वसई रोड–दिवा–पनवेल रेल्वेमार्ग

वसई रोड–दिवा–पनवेल रेल्वेमार्ग हा महाराष्ट्रातील पालघर, ठाणे व रायगड या जिल्ह्यांतून जाणारा ब्रॉडगेज रेल्वेमार्ग आहे. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकापासून निघणारा हा मार्ग नायगाव पूर्वेकडील जूचंद्र, कामण, खारबाव व भिवंडीमार्गे उल्हास नदी ओलांडून कोपर व दिवा येथे पोहोचतो आणि तेथून दक्षिणेस तळोजे व कळंबोलीमार्गे पनवेलला जातो. वसई रोड ते दिवा हे अंतर सुमारे ४२ किलोमीटर असून पनवेलपर्यंतचा संपूर्ण मार्ग सुमारे ७० किलोमीटर लांबीचा आहे. वसई रोड ते कोपर हा भाग उल्हास नदीच्या खालच्या खोऱ्यातून, म्हणजे वसईच्या खाडीच्या उत्तर काठाच्या अंगाने जातो. मुंबई शहरात न शिरता पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे व कोकण रेल्वे यांना जोडणारा दुवा म्हणून या मार्गाला राष्ट्रीय पातळीवर महत्त्व आहे. मात्र मालगाड्यांची मोठी वर्दळ आणि प्रवासी गाड्यांची कमी संख्या यांमुळे मार्गालगतच्या गावांना त्याचा मर्यादित उपयोग होतो.

नाव

मार्गावरील वसई रोड, कामण रोड, भिवंडी रोड व नावडे रोड या चार स्थानकांच्या नावांत 'रोड' हा शब्द आहे. मूळ गाव स्थानकापासून काही अंतरावर असून स्थानक त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असल्यास असे नाव देण्याची भारतीय रेल्वेत जुनी पद्धत आहे. वसईचा किल्ला व जुने गाव पश्चिमेस खाडीच्या मुखाजवळ आहे, तर रेल्वे स्थानक त्याच्या पूर्वेस आहे. इंग्रजी अमदानीत वसईला 'बेसिन' म्हणत असल्याने हे स्थानक पूर्वी 'बेसिन रोड' या नावाने ओळखले जाई.

भूगोल

उल्हास नदी सह्याद्रीत लोणावळा–राजमाची परिसरात उगम पावते. कर्जत, बदलापूर व उल्हासनगर या गावांजवळून ती कल्याणकडे येते. कल्याणच्या परिसरात तिला काळू नदी मिळते. भातसा नदी त्याआधीच काळूला मिळालेली असते. ठाण्याजवळ नदीचे दोन फाटे होतात. मुख्य प्रवाह साष्टी बेटाच्या उत्तरेने पश्चिमेकडे वळतो व वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. दुसरा लहान फाटा ठाण्याच्या खाडीत जातो.

वसईच्या खाडीच्या उत्तरेस तुंगारेश्वरची डोंगररांग आहे. तिचा बराचसा भाग तुंगारेश्वर अभयारण्यात मोडतो, तर कामणजवळ कामणदुर्ग हा गिरिदुर्ग आहे. डोंगराचा पायथा व खाडी यांच्यामध्ये भातखाचरे, मिठागरे आणि खारफुटीचे पट्टे असलेली सखल भूमी आहे. लोहमार्ग याच पट्टीतून जातो. रेल्वेसाठी नदीचे खोरे निवडण्यामागे भौतिक कारण असते. पोलादी रुळावर पोलादी चाकाचे घर्षण कमी असते. त्यामुळे सपाटीवर थोड्या शक्तीत मोठे वजन ओढता येते, मात्र चढ लागताच हा फायदा झपाट्याने घटतो. बोरघाटात १:३७ इतका तीव्र चढ असल्याने तेथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात. नदीचे खोरे सौम्य उताराचे असल्याने तेथे अवजड मालगाड्या चालवणे सोपे जाते.

याच नदीच्या वरच्या खोऱ्यात कल्याण–कर्जत हा मध्य रेल्वेचा मार्ग आहे. दोन्ही मार्ग एकत्र विचारात घेतल्यास सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्राजवळच्या वसईपर्यंत उल्हास नदीच्या खोऱ्यात सलग रेल्वे आहे. उल्हासचे वरचे खोरे १८५६ साली रेल्वेने गाठले. खालच्या खोऱ्याच्या उत्तर काठाला मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे थांबावे लागले.

इतिहास

पूर्वपीठिका

रेल्वे येण्यापूर्वी वसईची खाडी हाच या प्रदेशातील मुख्य वाहतूकमार्ग होता. कल्याण, भिवंडी, ठाणे व वसई ही गावे होड्या व गलबतांच्या वाहतुकीने जोडलेली होती. खाडीच्या मुखाशी असलेला वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकला. या जलमार्गावर नियंत्रण ठेवता येणे, हे त्या किल्ल्याच्या महत्त्वाचे एक कारण होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत वाढला. १८५६ मध्ये तो उल्हासच्या खोऱ्यातून घाटाच्या पायथ्यापर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाला. दुसरीकडे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने गुजरातकडून दक्षिणेस मार्ग बांधत आणला. १८६४ मध्ये तो मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. या मार्गाने नायगाव व भाईंदर यांच्यामध्ये वसईची खाडी ओलांडली. येथे खाडीच्या मध्यभागी पाणजू हे बेट असल्याने रेल्वेला बेटाच्या दोन्ही बाजूंस असे दोन पूल बांधावे लागले.

अशा रीतीने १८६० च्या दशकातच उल्हासच्या खालच्या खोऱ्याच्या पश्चिम टोकाला नायगाव–वसई आणि पूर्व टोकाला ठाणे–कल्याण येथे रेल्वे आली. पण ही दोन टोके एकमेकांना जोडली गेली नाहीत. दोन्ही कंपन्यांचे मार्ग वेगळे होते आणि ते एकमेकांजवळ येत ते मुंबईच्या बेटावर. गुजरातकडून दख्खनकडे जाणाऱ्या मालगाड्यांना त्यामुळे मुंबईच्या गर्दीच्या मार्गावरून वळसा घालावा लागे. १९५१ साली या कंपन्यांच्या मार्गांवरून अनुक्रमे मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे ही विभागीय मंडळे अस्तित्वात आली, तरी ही अडचण कायम राहिली.

बांधणी

प्रथम दिवा–पनवेल हा भाग १९६० च्या दशकात बांधला गेला. कोकणात रेल्वे नेण्याच्या प्रयत्नांतील तो पहिला टप्पा होता. पुढे हा मार्ग पनवेलहून आपट्यापर्यंत आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत वाढला. दिवा ते वसई रोड हा जोडमार्ग दिवा–पनवेल भागानंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच बांधण्यात आला. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील मालगाड्यांचा भार बाहेरून वळवणे, हा त्याचा मुख्य हेतू होता. आरंभी एकेरी असलेल्या या मार्गाचे पुढे दुहेरीकरण व विद्युतीकरण झाले.

यानंतरच्या दोन घटनांनी मार्गाचे महत्त्व वाढवले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि तेथून उत्तर भारताकडे जाणाऱ्या कंटेनर गाड्यांना पनवेल–वसई हा सोयीचा रस्ता मिळाला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण लांबीवर वाहतुकीस खुली झाली. तेव्हापासून राजस्थान व गुजरातहून गोवा, कर्नाटक किनारा आणि केरळकडे जाणाऱ्या गाड्याही याच मार्गाने जाऊ लागल्या.

मार्ग व स्थानके

वसई रोड स्थानकाच्या दक्षिण टोकापासून, म्हणजे नायगावच्या बाजूने, हा मार्ग मुंबई–अहमदाबाद मुख्य मार्गापासून अलग होऊन पूर्वेस वळतो. मार्गावरील स्थानके पुढीलप्रमाणे आहेत:

वसई रोड (तालुका वसई, जिल्हा पालघर): पश्चिम रेल्वेचे जंक्शन.
जूचंद्र (तालुका वसई): नायगाव पूर्व भागातील स्थानक. जूचंद्र गाव डोंगरावरील चंडिका देवीच्या मंदिरासाठी व येथील रांगोळी कलावंतांसाठी प्रसिद्ध आहे.
कामण रोड (तालुका वसई): तुंगारेश्वर डोंगररांगेच्या पायथ्याचे स्थानक.
खारबाव (तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे): खाडीलगतच्या शेतीप्रधान पट्ट्यातील स्थानक.
भिवंडी रोड (तालुका भिवंडी): यंत्रमाग व गोदामांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडी शहराचे स्थानक, अंजूरफाटा परिसरात स्थित.
कोपर (तालुका कल्याण): येथे हा मार्ग मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून उन्नत पुलाने जातो. वरच्या व खालच्या अशा दोन पातळ्यांवर फलाट असल्याने येथे उपनगरी गाडी बदलता येते.
दिवा (तालुका ठाणे): मध्य रेल्वेचे जंक्शन.
दातिवली (तालुका ठाणे) व निळजे (तालुका कल्याण).
तळोजे पंचनंद, नावडे रोड, कळंबोली व पनवेल (तालुका पनवेल, जिल्हा रायगड).

खारबाव ते भिवंडी रोड यांदरम्यान कामवारी नदी, तर भिवंडी रोड व कोपर यांदरम्यान उल्हास नदी ओलांडली जाते. कोपरनंतर मार्गाला दोन शाखा फुटतात. वसई–दिवा गाड्या दिवा जंक्शनला जातात, तर वसईहून थेट पनवेलला जाणाऱ्या गाड्या दिव्याला न जाता दातिवलीमार्गे पुढे जातात.

प्रशासनाच्या दृष्टीने वसई रोड स्थानक पश्चिम रेल्वेच्या, तर जूचंद्रपासून पुढील स्थानके मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात येतात. त्यामुळे नायगाव परिसरात काही किलोमीटरच्या आत असलेली नायगाव व जूचंद्र ही दोन स्थानके दोन वेगळ्या रेल्वेंच्या अखत्यारीत आहेत. रुळांनी ती एकमेकांशी थेट जोडलेली नाहीत. नायगावहून रेल्वेने जूचंद्रला जाणाऱ्या प्रवाशाला आधी उत्तरेस वसई रोडला जाऊन तेथे गाडी बदलावी लागते.

प्रवासी वाहतूक

मार्गावर वसई रोड–दिवा, वसई रोड–पनवेल व डहाणू रोड–पनवेल अशा मेमू गाड्या धावतात. पूर्वी येथील स्थानिक सेवा डिझेल गाड्यांनी चालवली जाई. मुंबईच्या मुख्य उपनगरी मार्गांवर काही मिनिटांच्या अंतराने लोकल सुटत असताना या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या आहेत. एक गाडी चुकल्यास प्रवाशाला दीर्घकाळ थांबावे लागते किंवा रस्त्याने जावे लागते. वसईहून भिवंडी, डोंबिवली किंवा पनवेल येथे कामास व शिक्षणास जाणाऱ्यांसाठी हा सर्वांत सरळ रेल्वेमार्ग असूनही, वेळापत्रक न जुळणारे अनेक प्रवासी दादरपर्यंत जाऊन मार्ग बदलतात.

गाड्यांची संख्या वाढवण्यात येणारी मुख्य अडचण रुळांच्या क्षमतेची आहे. एकाच दुहेरी मार्गावरून संथ व लांब मालगाड्या, थांबे न घेणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या मेमू अशा तीन भिन्न गतींच्या गाड्या धावतात. गतींमधील हा फरक जितका जास्त, तितके दोन गाड्यांत अधिक अंतर ठेवावे लागते आणि एका तासात सोडता येणाऱ्या गाड्यांची संख्या घटते. स्वतंत्र रुळांशिवाय उपनगरी सेवा वाढवणे त्यामुळे अवघड ठरते. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३ब टप्प्यात पनवेल–वसई उपनगरी मार्गिकेचा प्रस्ताव आहे, तो याच कारणासाठी.

लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये हजरत निजामुद्दीन–तिरुवनंतपुरम राजधानी एक्सप्रेस, अजमेर–एर्नाकुलम मरुसागर एक्सप्रेस आणि गुजरातहून कोकण रेल्वेमार्गे दक्षिणेस जाणाऱ्या इतर गाड्यांचा समावेश होतो. अहमदाबाद–पुणे दरम्यानच्या काही गाड्याही वसई रोड व भिवंडी रोडमार्गे कल्याणकडे जातात.

नायगाव–जूचंद्र जोडमार्ग

वसई रोड येथील रुळांची रचना उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांसाठी सोयीची आहे. गुजरातहून आलेली गाडी स्थानक पार करून दक्षिण टोकाने सरळ दिव्याकडे वळते. मुंबईच्या बाजूने, म्हणजे वांद्रे किंवा बोरिवलीहून आलेल्या गाडीला मात्र असे वळता येत नाही. तिला वसई रोडला थांबून इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लावावे लागते आणि मग उलट दिशेने निघून दिव्याचा मार्ग धरावा लागतो. यात वेळ जातो, तसेच आधीच गर्दी असलेल्या स्थानकातील फलाट अडकून राहतो.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत व वसई–विरार भागात कोकणातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तिच्या मुंबईतून सुटणाऱ्या बहुतेक गाड्या मध्य रेल्वेच्या स्थानकांवरूनच सुटत आल्या. गणेशोत्सव व शिमग्याला गावी जाणाऱ्या पश्चिम उपनगरांतील प्रवाशांना सामानासह दादर, कुर्ला, ठाणे किंवा पनवेल गाठावे लागे. पश्चिम रेल्वेवरून कोकणासाठी नियमित गाडी असावी, ही मागणी त्यामुळे अनेक वर्षे होत होती. २९ ऑगस्ट २०२४ रोजी बोरिवली येथून वांद्रे टर्मिनस–मडगाव या आठवड्यातून दोनदा धावणाऱ्या एक्सप्रेसचा शुभारंभ झाला. ही गाडी वसई रोड, भिवंडी रोड व पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाते.

अशा गाड्यांची संख्या वाढवायची तर वसई रोड येथील इंजिनबदल टाळणे आवश्यक आहे. त्यासाठी नायगावहून थेट पूर्वेस वळून जूचंद्रला मिळणारा सुमारे ५.७ किलोमीटरचा दुहेरी जोडमार्ग आखण्यात आला असून २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. लांबीने लहान असला तरी हा मार्ग पूर्ण झाल्यावर मुंबईची पश्चिम उपनगरे प्रथमच दिशा न बदलता कोकण रेल्वेशी जोडली जातील.

मालवाहतूक

कंटेनर, पोलाद, सिमेंट, खते व पेट्रोलियम पदार्थ अशा मालाची देशाच्या उत्तर व दक्षिण भागांतील ने-आण या मार्गाने होते. मार्गालगत तळोजे औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा पोलाद बाजार आणि भिवंडी तालुक्यातील गोदामे ही मोठी व्यापारी केंद्रे आहेत. ऑनलाइन खरेदीचा विस्तार झाल्यापासून भिवंडीतील गोदामांचे महत्त्व आणखी वाढले. २०२० मध्ये मध्य रेल्वेने भिवंडी रोड येथून पार्सल गाड्या सुरू केल्या आणि तोवर प्रामुख्याने वाटेवरचे असलेले हे स्थानक पार्सल वाहतुकीचे केंद्र बनले.

उत्तर प्रदेशातील दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग याच परिसरातून आखलेला आहे. वैतरणेहून दक्षिणेस येणारा हा मार्ग खारबाव, कोपर व निळजे परिसरातून बंदराकडे जातो. त्याचे उत्तरेकडील टप्पे आधी सुरू झाले. रेवाडी–मदार टप्प्याचे उद्घाटन जानेवारी २०२१ मध्ये झाले. वैतरणा ते बंदर हा दक्षिणेकडील टप्पा सर्वांत शेवटी राहिला. एकावर एक दोन कंटेनर ठेवून नेता येतील अशी या मार्गाची रचना आहे. मालगाड्या या स्वतंत्र रुळांवर गेल्यास वसई–दिवा–पनवेल मार्गावरील जागा प्रवासी गाड्यांसाठी मोकळी होईल, अशी अपेक्षा आहे. या दृष्टीने समर्पित मार्ग, नायगाव–जूचंद्र जोडमार्ग आणि उपनगरी मार्गिका हे तीन प्रकल्प परस्परांना पूरक आहेत.

पर्यावरण व पूरस्थिती

खालच्या खोऱ्यातील बराचसा भाग समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर असल्याने लोहमार्ग मातीच्या भरावावर बांधलेला आहे. भरतीचे पाणी आत येण्यासाठी व पावसाचे पाणी खाडीत जाण्यासाठी भरावाखाली मोऱ्या ठेवाव्या लागतात. अतिवृष्टी व मोठी भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा थांबतो व सखल भाग जलमय होतो. जुलै २०१८ मध्ये वसई–विरार भागात असेच पाणी साचून पश्चिम रेल्वेची वाहतूक खंडित झाली होती. त्याच खोऱ्याच्या वरच्या भागात २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला आलेल्या पुरात बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीतील सुमारे एक हजार प्रवाशांची सुखरूप सुटका करण्यात आली.

मिठागरे, पाणथळ जागा व खारफुटी पुराचे पाणी सामावून घेतात. त्यांवर भराव टाकून नवे रस्ते, वसाहती किंवा लोहमार्ग बांधल्यास पाण्याला पसरण्यास कमी जागा उरते. त्यामुळे या पट्ट्यातील नव्या रेल्वे प्रकल्पांत पुलांची व मोऱ्यांची रुंदी हा केवळ तांत्रिक तपशील नसून त्यावर आसपासच्या वस्त्यांची सुरक्षितता अवलंबून असते.

इतर खोऱ्यांतील मार्गांशी तुलना

महाराष्ट्रात नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या मार्गांमध्ये सुरत–जळगाव हा मार्ग ठळक आहे. मुख्यतः ताप्ती व्हॅली रेल्वे या कंपनीने बांधलेल्या या मार्गाच्या नावातच खोऱ्याचा उल्लेख होता आणि खानदेशातील कापूस सुरतेकडे नेण्यास तो उपयुक्त ठरला. इंग्लंडमध्ये प्लिमथ ते गनिसलेक ही टेमार नदीच्या खोऱ्यातील शाखा प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकात तेथे अनेक लहान मार्ग बंद करण्यात आले. मात्र त्या खोऱ्यातील रस्ते अपुरे असल्याने ही शाखा टिकली. ती शाखा आज मुख्यतः स्थानिक प्रवाशांच्या सेवेसाठी चालते. वसई–दिवा मार्गाची स्थिती याच्या उलट आहे. दूरच्या मालासाठी व प्रवाशांसाठी तो अपरिहार्य असल्याने बंद होण्याचा प्रश्न उद्भवत नाही; पण ज्या खोऱ्यातून तो जातो, तेथील रहिवाशांच्या वाट्याला त्याच्या क्षमतेचा लहान भाग येतो.

महत्त्व

३ जुलै २००९ रोजी वसई–विरार महानगरपालिकेची, तर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याची स्थापना झाली. या काळात नायगाव पूर्व, जूचंद्र व कामण परिसरात शेती व मिठागरांच्या जागी मोठ्या प्रमाणात निवासी वसाहती उभ्या राहिल्या. मालगाड्या मुंबईबाहेरून वळवण्यासाठी एकेकाळी विरळ वस्तीतून नेलेला हा मार्ग आता दाट लोकवस्तीच्या प्रदेशातून जातो. उत्तर–दक्षिण दिशेने वाढलेल्या मुंबईच्या उपनगरी रेल्वेजाळ्यात पूर्व–पश्चिम दुवे फार थोडे आहेत. वसई रोड–दिवा–पनवेल मार्ग हा अशा दुव्यांपैकी एक असून महानगराच्या उत्तर सीमेवर तेवढाच उपलब्ध आहे.